ओच्यातली कांडी

सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, माझ्या घरात येत नाही. वसईहून कुणी हौसेनं आणलं तरी मी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवते, आणि का म्हणून विचारलं तर सांगते, माझ्या चुलतसासूमुळे. त्यांना जाऊन किती वर्षं झाली. माझा राग काही त्यांच्याबरोबर गेला नाही, मी जाऊ दिला नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी मी लग्न होऊन त्या केळीच्या वाडीत आले. सासूबाई नव्हत्या. घर चुलतसासूबाईंच्या हातात, त्यांना सगळे काकी म्हणत. आणि ओटीच्या कोपऱ्यात चटईवर माझी नणंद बसलेली असायची, चौदा वर्षांची. हात जन्मापासून मनगटात वळलेले, बोलता येत नव्हतं, पण समज तुमच्याआमच्याइतकीच. नणंदा कशा छळतात ते ऐकून मी सासरी आले होते, आणि ही तर मला बघून हसायची. पण ओठ मिटून. तोंड उघडलं की वास यायचा आणि काकी सगळ्यांदेखत नाकाला पदर लावायच्या.

तिचे दात कुणी घासतच नव्हतं. पहिल्या दिवशी मी बोट घातलं तर जबडा कचकन मिटला. तो तिच्या ताब्यात नव्हता, आत काही गेलं की आपसूक आवळायचा. माझं नख काळंनिळं झालं. मग मी बांबूची वीतभर कांडी तासली, तिला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली. हनुवटीवर तीन टिचक्या मारायच्या, तिनं आ करायचा, कांडी एका बाजूच्या दाढांमध्ये बसवायची आणि दुसऱ्या बाजूला भाताच्या तुसाची वस्त्रगाळ राख नि मीठ लावून फडक्यानं घासायचं. दोन महिन्यांत हिरड्यांचं रक्त थांबलं. ती तोंड उघडून हसायला लागली, आणि मला कोण माज चढला त्या हसण्याचा!

मग सुकेळ्यांचे दिवस आले. सोललेली राजेळी केळी मांडवावर उन्हात वाळत पडली. वाडीत बायकांची वर्दळ सुरू झाली की नणंद हुरूप येऊन आवाज काढायची, आणि काकी ती गप्प बसावी म्हणून दातांच्या बाहेरून तिच्या गालात सुकेळं कोंबायच्या. गुळासारखं चिकट ते. तिची जीभ वळत नसे, गोळा संध्याकाळपर्यंत दाढेला धरून राहायचा. बघणाऱ्या म्हणायच्या, काय माया आहे काकींची! सकाळी मी खरवडून काढायचं, दुपारी काकींनी पुन्हा भरायचं. वर्षभरात बाजारातल्या डॉक्टरांनी दोन दाढा उपटल्या. तिला चौघांनी दाबून धरलं होतं. काकी तिकडे फिरकल्यासुद्धा नाहीत.

मी हात जोडून म्हटलं, "काकी, तिला सुकेळं नका देऊ."

"तिला दुसरं सुख कसलं गो? नि दात राखून दाखवायचेत कोणाला? तिला काय बघायला येनार हायेत?"

नणंद ऐकत होती. काकींना धडा शिकवायचा, हे मी तिथेच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी केळी सोलायला शेजारणी जमल्या होत्या. मी बोटाला चिंधी बांधून गेले. म्हटलं, "काकी, विळीनं कापलंय. आज तुम्ही घासता का तिचे दात?" चौघींसमोर नाही कसं म्हणणार? "त्यात काय मोठं गो!" म्हणून काकी बसल्या. एरवी आमचं घासणं चालू असताना त्या किळसेनं उठून जात, त्यामुळे कांडीचा त्यांना पत्ताच नव्हता. ती मी ओच्यात खोचून ठेवली होती. हनुवटीवर तीन टिचक्या मीच मारल्या.

काकींचं बोट आत गेलं आणि जबडा मिटला. काय किंचाळल्या! खोटं कशाला बोलू, माझं पोट भरलं त्या आवाजानं. ओच्यातली कांडी लगेच काढता आली असती, मी काढली नाही. मग काकींनी मोकळ्या हातानं तिच्या थोबाडात मारली. एक, मग दुसरी. मार बसेल तसा जबडा आणखी आवळत होता. आणि नणंद काकींकडे बघतच नव्हती. ती माझ्या ओच्याकडे बघत होती. कांडी खोचताना तिनं मला पाहिलं होतं.

मी धावले, कांडी घातली, बोट सुटलं. पण त्यानंतर मी टिचक्या मारल्या की ती ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवायची. आठ दिवस गेले. तोंडाला पुन्हा वास यायला लागला. नवव्या दिवशी काकी बोटाला पट्टी बांधून आल्या आणि तिच्यासमोर सुकेळं धरलं. तिनं मोठा आ केला. काकी माझ्याकडे बघून हसल्या. ते हसू मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

पण मला तिचं तोंड उघडायला हवं होतं. दहाव्या दिवशी मांडवावरचं एक सुकेळं मी उचललं आणि माझ्या हातानं तिला भरवलं. तिनं ते संपवलं, मग कांडी घालू दिली. पुढे रोज तसंच. टिचक्यांवर तिनं माझ्यासाठी तोंड पुन्हा कधी उघडलं नाही. त्यानंतर तिच्या ज्या दाढा गेल्या, त्या मी दिलेल्या सुकेळ्यांनीही गेल्या. लोकांना मात्र मी काकींचंच नाव सांगते.