पाचवीच्या वर्तुळांतला उजेड

चित्रकलेचे सर या शाळेत पहिल्यांदा आले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला हाक मारून सांगितलं, "या रंगाऱ्याला मागच्या दाराने घे." त्यात बाईंची चूक नव्हती. सरांच्या दोन्ही हातांत डबे, कानामागे ब्रश, शर्टावर निदान चौदा रंग. आणि उत्साह असा, की ओळख पटेपर्यंत कार्यालयाच्या भिंतीवर त्यांनी अर्धा जिराफ उतरवलासुद्धा. बाई म्हणाल्या, "आता पुरा करा. नुसती मान फार वाईट दिसते."

माणूस एका जागी टिकायचा नाही. घरी जेवतानाही मध्येच उठून खिडकी उघडायचा, मग बंद करायचा. "खुर्चीला काटे फुटलेत का हो?" बायको विचारायची.

यंदा काटे खरेच होते. वरून हुकूम आला होता: पाचवीला सगळ्या सरकारी शाळांत एकच चाचणी, उत्तरपत्रिका यंत्र तपासणार आणि सरासरी साठाच्या खाली गेली, तर चित्रकलेचे तास सरावाला द्यायचे. बाईंनी सरांना बोलावलं. "उत्तरं बाकीचे शिकवतील. उत्तरापुढचं वर्तुळ पूर्ण काळं नसेल तर यंत्र ते कोरंच धरतं. ते काळं करायला तुम्ही शिकवा. गोल तुमच्या खात्यात येतो."

तीन आठवडे सरांनी मुलांकडून नुसती वर्तुळं भरून घेतली. मुलांची तोंडं एवढीएवढीशी झाली. सरांना ते बघवेना. शेवटच्या दिवशी बक्षीस म्हणून त्यांनी फळ्यावर दाखवलं, की डावीकडे वर जरा उजेड सोडला आणि कडेने गडद केलं, की सपाट वर्तुळाचा चेंडू होतो. वर्ग बेहद्द खूश.

चाचणीला सरच पर्यवेक्षक. दारापाशी बाहेरून आलेल्या निरीक्षकबाई बसलेल्या. मुलांशी अवाक्षर बोलायचं नाही, हा नियम. सर बाकांमधून फिरू लागले आणि तिसऱ्या बाकाशी थबकले. तिथली मुलगी जीभ बाहेर काढून चेंडू रंगवत होती. पुढच्या बाकावर चेंडू. मागे चेंडू. सगळ्यांचा उजेड डावीकडूनच. एवढं एकमत त्या वर्गात कधी झालं नव्हतं.

सरांनी खिडकी उघडली. बंद केली. घसा खाकरला. निरीक्षकबाईंनी मान वर केली, तसे सर आणखी दोन फेऱ्या मारून आले. बोललो तर मेलो, नाही बोललो तरी मेलो.

"पूर्ण काळं करा रे," ते शेवटी म्हणाले. "उजेड नको."

"पण सर, मग चेंडू कसा दिसेल?" मुलीने विचारलं.

"नको दिसू दे, बाळा."

"सर, नियम वाचला होतात ना?" एवढंच विचारून निरीक्षकबाई लिहायला लागल्या.

त्यांच्या अहवालावरून वर्गाच्या सगळ्या उत्तरपत्रिका बाद झाल्या. सरासरी शून्य धरली गेली. सोमवारी चित्रकलेचे दोन्ही तास सरावाला गेले. तो सराव आता सरच घेतात.