फिनेलने धुतलेली डबी

"त्यांच्या हातचं पाणी मला नाही जात घशाखाली," सून म्हणत होती. "दिवसभर लोकांची घाण वाहतात त्या हातांनी."

"त्याच हातांनी मला न्हाऊमाखू घातलंय," मुलगा म्हणाला.

"मग तूच पी की घडाभर!"

लग्न नवं आणि भिंत पातळ. पलीकडे सासू ओल्या कपड्यांचे पिळे हातात घेऊन उभी. त्या दिवसापासून तिने स्वयंपाकघरातल्या पाण्याला हात लावणं सोडलं. पुढे नात झाली, तिलाही "घ्या" म्हटल्याशिवाय कधी उचललं नाही. अपमान गिळता येतो हो, पण तो पचायला वर्षं जातात.

काम तिचं असं: दवाखान्याच्या वॉर्डांतून संडासाच्या तपासणीच्या डब्या गोळा करायच्या आणि मागच्या लॅबमध्ये पोचवायच्या. नवरा गेल्यावर जे मिळालं ते धरलं आणि केस पांढरे झाले तरी सोडलं नाही. सगळे तिला डबीमावशी म्हणत. आवेचा जंतू मोठा नाजूक. डबी गार पडली की निपचित होतो, मग भिंगाखाली ओळखू यायची मारामार. म्हणून मावशी डबी शालीखाली धरून अशी झपझप चालायची, जणू पोटाशी पिल्लूच आहे. वाटेत कोणी हाक मारली की एकच उत्तर, "आल्यावर बोलते!"

आणि लोकांचे एकेक मासले! कोणी लाजून डबी सोनाराच्या पुडीसारखी कागदात कागद घालून बांधायचा, तर कोणी काठोकाठ भरून आणायचा. "मापात कमी नको पडायला, मावशी."

"अरे बाबा, शितावरून भाताची परीक्षा करतात. पोतं कशाला आणलंस?"

मग नातीलाच आव झाली. जुलाब, रक्त, पोरीचं पार चिपाड झालं. अंदाजाने दिलेलं औषध लागू पडेना, तेव्हा डॉक्टरांनी तपासणी सांगितली. सुनेने डबी सासूच्या हाती दिलीच नाही, नवऱ्याबरोबर परस्पर लॅबच्या खिडकीत पाठवली. उत्तर आलं, काही सापडलं नाही. इकडे पोरीचे डोळे खोल जायला लागले. दुसरी डबी गेली, तेव्हा भिंगावरच्या बाईंनी मावशीला आत बोलावलं.

"तुमच्या नातीची ना ही? जरा हुंगा बघू."

"जन्म गेला या वासात, आता हौसेने हुंगू होय?" म्हणत मावशीने नाक पुढे केलं. फिनेल!

घरी सून पोरीला मांडीवर घेऊन बसली होती.

"डबी कशाने धुतलीस गं?"

सुनेची मान खाली गेली. "आधी उकळत्या पाण्याने, मग फिनेलने. तिथली सगळी तुमची माणसं, आपल्या घराला नावं ठेवली असती. आणि आई... तेव्हा मी बोलले ते तुम्ही ऐकलं होतंत, मला ठाऊक आहे. आता आपलीच घाण कोणत्या तोंडाने तुमच्या हातात देऊ?"

मावशीला राग यायला हवा होता, पण आलं हसू. "अगं वेडे, चोर ओळखायला माणसं बोलावलीस आणि चोरालाच आधी मारून पाठवलंस! तिथे घाणच बघतात, डबीची चकाकी नाही. उद्या कोरडी डबी घे आणि माझ्या हातात दे."

तो उद्या म्हणजे मावशीच्या नोकरीचा शेवटचा दिवस. सकाळी कोमट डबी शालीखाली घेऊन ती उंबऱ्याबाहेर पडली, तोच आतून आवाज आला.

"आई, मला घोटभर पाणी द्या ना. ही मांडीवरून उतरत नाही."

मावशी थबकली. इतक्या वर्षांत असं कोणी मागितलं नव्हतं.

"आल्यावर देते," ती म्हणाली. "ही गार होईल."

"द्याल ना पण?"

"तांब्याभर देते गं बाई, बस तू."

दवाखान्याच्या फाटकात वॉर्डातल्या बाया फुलं घेऊन उभ्या होत्या. "मावशी, आज तरी सावकाश!"

"आल्यावर बोलते!"

डबी खिडकीत ठेवली. "कोमट आहे अजून, लगेच बघा."

बाई भिंगावर वाकल्या. मावशी दाराशी उभी राहिली.

"सापडला! हलतोय हो मावशी!"

"मग डॉक्टरांना कळवा की, माझ्याकडे काय बघता?" म्हणत मावशी डोळे पुसत नेहमीसारखी नळावर गेली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायला लागली. घरी पाणी द्यायचं होतं.