पाखऱ्या बैलाचे दावे

माझे पती गोरक्षनाथ सहा वर्षांपूर्वी घोडेगावच्या बैलबाजारातून बेपत्ता झाले. तेव्हा त्यांचे वय अडुसष्ट होते. पोलिसांच्या पत्रकात त्यांची उंची, सावळा वर्ण, पांढरा सदरा व डाव्या भुवईवरील व्रण एवढेच दिले आहे. लिहायला-वाचायला शिकल्यावर मी ते पत्रक स्वतः वाचले. त्यात माणूस पुरेसा आलेला नाही, असे मला वाटले. म्हणून राहिलेले येथे लिहीत आहे. त्यांचे नाव मी आजवर तोंडाने घेतलेले नाही. कागदावर प्रथमच घेतले.

त्यांना बैलांची उत्तम पारख होती. खरेदीला जाणारे लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत असत. माणसांशी ते मोठ्याने बोलत व बैलांशी हळू.

आमच्याकडे एक रीत आहे. बैल विकला तरी त्याच्या गळ्यातले दावे विकायचे नसते. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असे मानतात. घेणाऱ्याने आपली दोरी आणायची. विकलेल्या प्रत्येक बैलाचे दावे ते घरी आणून गोठ्याच्या भिंतीवर खुंटीला टांगत. अशी अकरा दावी तेथे आहेत.

शेवटचा बैल पाखऱ्या. गुडघेदुखीमुळे यांच्याकडून त्याचे चारापाणी होत नव्हते, म्हणून तो विकण्याचा आग्रह मी धरला.

बाजाराच्या त्या सकाळी ते म्हणाले, "मला बी बाजारात हुबं कर मंग."

मी म्हणाले, "तुमाला कोन घेतंय? दात बघून माघारी धाडतील."

ते हसले नाहीत. बांधून दिलेली भाकरी तशीच ठेवून गेले. पाखऱ्या विकला गेला. ते मात्र परतले नाहीत.

पोलिसांनी दवाखाने, विहिरी, बसस्थानके पाहिली. घातपाताचा संशय घेतला, पण पुरावा मिळाला नाही. बायकोच्या बोलण्याने म्हातारा घर सोडून गेला, अशी कुजबुज भावकीत झाली. मलाही तसेच वाटत असे. भाकरी समोर आली की घास अडे.

गेल्या पोळ्यानंतर कोल्हारचे आप्पासाहेब आमच्या दारी आले. पाखऱ्या त्यांनीच घेतला होता. तो नुकताच म्हातारपणाने गेला होता. त्यांच्या हातात निळ्या चिंधीचे जुने दावे होते. ती चिंधी मीच बांधली होती.

"मावशी, हे तुमचं हाय. आई म्हनली, दुसऱ्याच्या गोठ्याचं ठिवू नको."

"पर त्यांनी दिलं कसं? ते तर कुनाला देत न्हाईत."

"मी नवं नेलं हुतं. पर पाखऱ्या टेम्पोत चढंना. बाबा म्हनले, ऱ्हाऊ द्या त्याच्या गळ्यात वळखीचं." मग आप्पासाहेब हसू लागले. "वर म्हनले, आता घरी मालकीन पयली खुंटीकडं बघंल. आज माझी धडगत न्हाई. भजी घिऊन जातो, म्हंजी जरा कमी बोलंल."

"हे पोलिसांना का न्हाई सांगितलं?"

"त्यांनी बैल किती वाजता घेतला ते इचारलं. दाव्याचं कोन इचारतंय, मावशी?"

ते बोलणे मी आप्पासाहेबांकडून पुन्हा एकदा वदवून घेतले. नंतर त्यांना जेवू घातले व मीही जेवले. घास अडला नाही.

पुढे काय घडले, हे आजही कोणास ठाऊक नाही. तपास तसाच आहे. परंतु ते माझ्यावर रुसून गेले नाहीत. ते घरीच यायला निघाले होते.

संध्याकाळी मी ते दावे बाराव्या खुंटीला टांगले व कमरेवर हात ठेवून मोठ्याने विचारले, "रीत मोडून आलात ते आलात. आन् भजी कुठायत?"

शेजारच्या जयाने कुंपणावरून डोकावून पाहिले. "कुनाशी भांडताय, आक्का?"

"आमच्या ह्यांच्याशी," मी म्हणाले, व त्या दिवशी राहून गेलेले सगळे सावकाश बोलून घेतले.