शपथेसाठी बायबल

तेव्हा माझं पोस्टिंग पुण्यात होतं. लष्करात हवालदार म्हणून युनिटच्या गाड्यांची जबाबदारी माझ्याकडे. शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटरची हवा होती. जनरल साहेबांच्या भेटीआधी आमच्या मेजर साहेबांनाही ऑफिसात कॉम्प्युटर हवे होते, आणि ते मुंबईहून आणायचे होते.

ठरलेल्या ट्रकचे ब्रेक मी सकाळीच तपासले. बिघडलेल्या गाडीला लाल पाटी लावायची आणि पाटीची गाडी हलवायची नाही, हा आमचा नियम. मी पाटी लावली. मेजर साहेबांनी ती स्वतःच्या हाताने काढली.

"साहेब, ब्रेक धरत नाहीत."

"गाडी जायेगी. ऑर्डर है."

ड्रायव्हर होता लान्स नाईक दत्तू शेळके. "येतो, उस्ताद," म्हणाला आणि गेला. खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक गेले. पुढे एसटी होती. दत्तूने ट्रक डोंगरावर घातला. एसटीतल्या कुणाला खरचटलंही नाही. दत्तू जागच्या जागी गेला.

चौकशी बसण्याआधीच क्वार्टर्समध्ये बोभाटा झाला, शेळके पिऊन चालवत होता. नळावरच्या बायका त्याच्या बायकोशी, सुशीलाबाईंशी, बोलेनाशा झाल्या. दत्तू दारूला शिवत नसे. अफवा कुठून निघाली हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पाटीचा साक्षीदार मी एकटाच. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत टेबलावर शपथेसाठी गीता ठेवली होती.

"साहेब, मी ख्रिस्ती आहे."

माझ्या गायकवाड आडनावावरून ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौकशी घेणाऱ्या कर्नल साहेबांनी बायबल आणायला खडकीच्या चर्चकडे माणूस पिटाळला. मी व्हरांड्यात थांबलो. मेजर साहेब तिथे आले.

"नायब सुभेदार बनना है ना? पाटी तुम्हें याद नहीं. बस. मरे हुए को क्या फरक पडता है?"

मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? येशूला पकडलं त्या रात्रीचा पेत्र आठवला. आमचा एवढा मोठा प्रेषित, पण 'मी प्रभूला ओळखत नाही' असं म्हणाला ते एका दासीपुढे. माझ्यापुढे तर मेजर होता. मनात म्हटलं, प्रभू, धैर्य नसेल द्यायचं तर निदान जीभ सरळ ठेव.

बायबल आलं. मी हात ठेवला.

"पाटी होती?"

"होती, साहेब."

"कुणी काढली?"

मेजर साहेब समोरच बसले होते. मी त्यांचं नाव घेतलं.

दत्तूवरचा ठपका गेला. मला बढती मिळाली नाही, लांबची बदली मात्र तातडीने मिळाली. निघण्याआधी निकाल सांगायला गेलो, तेव्हा सुशीलाबाई सामान बांधत होत्या.

"ते पीत नव्हते हे मला कोर्टाने सांगायला नको होतं," त्या म्हणाल्या. "भाऊ, नळावर येऊन सांगाल?"

युनिफॉर्ममध्येच गेलो आणि सांगितलं. बायका खाली मान घालून ऐकत राहिल्या. सुशीलाबाई तिथेच ओट्यावर बसून रडल्या. मीही रडलो.

आता मी विश्रांतवाडीत राहतो. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा गेलेल्यांची नावं वाचतात. मी दत्तूचं देतो. परवा नव्या पाळकांनी विचारलं, "शेळके आपल्या मंडळीतले का?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्या गाडीवरचा होता."