ठमाबाईची भवानी

डाळजच्या शिवारात हायवेला लागून एक बाभूळ आहे, आणि बाभळीखाली ठमाबाई बसते. नवरा पहाटे उजनीच्या पाण्यातून चिलापी मासे आणतो, ती इथे बर्फावर मांडते. आवाज असा, की समोरच्या ढाब्यावर जेवणारा माणूसही भाव ऐकून उठून यावा.

तिचा एक नेम होता. भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, रोखच व्हावी. आलेला पैसा आधी तागडीला टेकवायचा, मग कपाळाला, आणि त्यानंतरच दुसऱ्याला मासे तोलायचे. सासूने तागडी हाती दिली तेव्हा ही रीतही दिली होती.

परवाच्या रविवारी सगळा घोळ झाला. पुण्याहून पक्षी बघायला आलेल्या वैदेही नावाच्या बाईंनी मासे घेतले आणि त्यांच्या पोराने, सार्थकने, बाभळीला टांगलेल्या क्यूआर कोडच्या पाटीपुढे मोबाईल धरला. लगेच शेजारचं डबडं बोललं, पैसे मिळाले. ठमाबाई मात्र हात पसरून बसलेली.

"आलं कुठं?"

"खात्यात आले, मावशी."

"खातं बारामतीच्या बँकेत. तागडी हितं. तिला काय लावू?"

"नोट नाही हो. कालच्या हॉटेलात रोख घेतच नव्हते. म्हणून आम्ही बाळगतच नाही," वैदेहीबाई म्हणाल्या.

ठमाबाई विचारात पडली. जिथे नोट चालायला हवी तिथे ती नको म्हणतात, आणि जिला हवी तिच्याकडे कुणी आणत नाही. वैदेहीबाई मासे घेऊन गेल्याही. मग आता भवानी झाली की नाही?

त्यांच्यामागे मासे घ्यायला थांबलेल्या गाडीवाल्याकडेही मोबाईलच होता. थांबून थांबून तो म्हणाला, "मावशी, तुमचीच दहाची नोट मला द्या, मी ती तुम्हाला देतो."

तिने कनवटीची नोट काढून दिली. त्याने ती दोन्ही हातांनी परत केली. तागडीपर्यंत नेलेला हात तिने मागे घेतला.

"छ्या. बायकोनं नवऱ्याला मागणी घातल्यागत झालं हे."

ऊन चढत होतं. बर्फ विरघळून पाणी पायाशी आलं होतं. दुपारपर्यंत मासा विकला नाही, तर तो फेकण्याच्याच लायकीचा राहणार. आणि रीत मोडून तोलायला तर हात उचलत नव्हता.

तेवढ्यात गावातले सर्जेराव तात्या आले. अर्धा किलो म्हणाले आणि पाचशेची नोट पुढे केली. ठमाबाईचा चेहरा उजळला, पण लगेच पडला.

"सुट्टं न्हाईत, तात्या. हल्ली सगळं त्या डबड्यात जातं."

"मग काढ की त्यातनं."

"निघत न्हाय."

"सरकारी नोट हाय, ठमे. न्हाय म्हणायची सोय न्हाय तुला."

"न्हाय कुठं म्हणते? मलाच पायजे ती. पर परत काय देऊ? पाचशाचं मासं न्या."

"घरात मी आन् म्हातारी. मांजर बी न्हाय." तात्यांनी नोट तिच्या मांडीवर टाकली. "ऱ्हाऊ दे. दर रविवारी येतो, फिटत्याल."

"म्हंजी भवानीलाच मी तुमची देणेकरी?"

"व्हय. मी तगादा लावणार न्हाय."

भवानीला उधारी द्यायची नाही, एवढं सासूने सांगितलं होतं. भवानीला आपणच उधारीत जावं का, हे सांगायचं राहून गेलं होतं, आणि विचारायला सासू उरली नव्हती. ठमाबाईने मासळीकडे पाहिलं, नोट तागडीला टेकवली, कपाळाला लावली आणि तात्यांचे मासे तोलले. मग गाडीवाल्याचे. मग डबडं थांबलंच नाही.

दुपारी नवरा मासळीच्या रिकाम्या पाट्या न्यायला आला.

"अवं, आज भवानी झाली का न्हाय?" तिने विचारलं.

"मासं संपलं न्हवं?"

"संपलं."

"मग झाली की."

ठमाबाईने कनवटीची पाचशेची नोट चाचपली. एवढा धंदा होऊन हाताला लागणारी तेवढी एकच, आणि तीही बरीचशी तात्यांची. तिने तागडी धुवायला घेतली आणि कितीतरी वेळ धूतच राहिली.