गॅलरीतली माती

अक्षय्य तृतीयेच्या दुपारी शेजारच्या काकांचं कासव आमच्या गॅलरीत उलटं पडून मेलं. काका दोन दिवस लोणी काळभोरला मुलीकडे गेले होते. जाताना त्यांनी कासव आमच्याकडे ठेवलं आणि गॅलरीतल्या फरशीवर घमेलंभर माती पसरून आईला बजावलं होतं, "अहो, ही काढू नका. उलटलं तर मातीत पाय रोवून सरळ होतं." सणाच्या सकाळी आई म्हणाली, "आज तरी हा उकिरडा नको." तिने माती उचलली, फिनाईलने फरशी पुसली. मी पाहिलं आणि आंघोळीला गेलो. जेवण उरकून गॅलरीत गेलो तेव्हा तापलेल्या गुळगुळीत फरशीवर कासव पाठीवर पडलं होतं, मान बाहेर लोंबत होती. परतल्यावर काकांनी एवढंच विचारलं, "माती कुठाय?" आई म्हणाली, "सण होता ना." काका अजून शेजारीच राहतात. पूर्वी आमच्याकडे असायची ती त्यांच्या घराची किल्ली आता खालच्या मजल्यावर असते.