शेवटून ऐकणारा

कंपनीत सगळे त्याला पट्टीमास्तर म्हणत. हे नाव आपल्याला आदराने मिळालंय, असं मानणारा कंपनीत तो एकटाच होता.

तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत त्याचं टेबल. ठिकठिकाणच्या प्रार्थनामंडळांच्या समूहगानांची ध्वनिमुद्रणं तिथे तपासणीला येत, नावाशिवाय, नुसत्या क्रमांकाने. पट्टीमास्तर कानाला हेडफोन लावून प्रत्येकाचे तीन रकाने भरे: लय, पट्टी आणि भाव. भाव ठरलेल्या पाचांतलाच लिहायचा, म्हणजे तीस गळ्यांची भक्ती एका शब्दात उरकायची. त्याचा खरा जीव चौथ्या रकान्यात, शेऱ्यात. ‘गाणारे उभे आहेत की झोपलेत, कळत नाही.’ ‘देव ऐकत असेल तर त्याची कीव येते.’ साहेब हे शेरे जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचत, आणि त्या दिवशी पट्टीमास्तरला दोन घास जास्त जात.

पूर्ण गाणं मात्र तो कधीच ऐकत नसे. गाणं जिथे टेकतं तो सूर धरायचा, तीच पट्टी. शेवटचे पंधरा सेकंद ऐकले की काम फत्ते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त हा गडी शीतही तळाचंच उचलायचा. अकरा वर्षं हेच चाललं होतं आणि याच वेगावर त्याचा दरारा होता.

हा कान त्याला दिला ताईने. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ताई सतराची. पेटी घ्यायची ऐपत नव्हती. ताई एका पेल्यात रेघेपर्यंत पाणी भरायची, चमचा मारायची आणि म्हणायची, “ही पेटीची पांढरी चार. डोक्यात ठेव.” त्याने ठेवली. ताईने लग्न केलं नाही, त्याच्याच घरी राहिली, आणि गेली वीस वर्षं दर आठवड्याला एका मंडळात पेटीशिवाय, नुसत्या गळ्याने प्रार्थना गात होती. तो एकदाही ऐकायला गेला नाही. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर होते. “दिवसभर लोकांना आ करायला लावतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच,” असं म्हणून पट्टीमास्तर एकटाच हसायचा.

एका दुपारी चारशे बारा क्रमांकाचं गाणं आलं. त्याने शेवट लावला. सगळे पांढरी तीनवर टेकलेले, आणि एक बाई त्यांच्याहून जरा वर, एकटीच अडून बसलेली. ‘लय मंद. पांढरी तीन. भाव गंभीर,’ त्याने लिहिलं आणि शेरा मारला: ‘एक बाई बेसूर. तिला काढून पुन्हा गावं.’ साहेबांनी शेरा जसाच्या तसा मंडळाला धाडला.

आठवड्याने ताई मंडळातून लवकर घरी आली. चपला काढून पायरीवरच बसली.

“मला बसवलं रे. डॉक्टर म्हणाले, पुढच्या रांगेत बसून ऐका. तुमच्याच कंपनीतल्या कुणी जाणकाराने लिहिलंय म्हणे, एक बाई बेसूर. माइक माझ्यासमोरच होता, म्हणजे मीच ती.”

पट्टीमास्तर टॉवेलने कोरडेच हात पुसत राहिला.

“तू एकदा ऐक ना. तुझ्या कानावर माझा विश्वास आहे. मी घसरले असेन तर घसरले म्हण, मी पुन्हा गाण्याचं नाव काढणार नाही.”

दुसऱ्या दिवशी त्याने चारशे बारा पहिल्यापासून लावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. सुरुवात पांढरी चारवर, स्वच्छ. दुसऱ्या कडव्यात मंडळी दमली, लय जड झाली, आणि लयीबरोबर सूरही सुटला. तिसऱ्यात आणखी खाली. एकोणतीस जण हात धरून उतरत गेले आणि कुणाला पत्ता नव्हता. एक आवाज मात्र जिथे उभा केला होता तिथेच होता. पेल्यातल्या रेघेवर.

शेरा खोडायला एक मिनिट लागलं असतं. पण का खोडला, हे साहेब विचारणार. मग तू शेवटूनच ऐकतोस का, हेही विचारणार. मग अकरा वर्षांचं सगळंच पुन्हा तपासा म्हणणार, आणि जेवणाच्या सुट्टीत हसायला नवा विषय मिळणार. भ्याड माणसाला हिशेब पटकन सुचतो. त्याने हेडफोन काढून ठेवले.

रात्री जेवताना ताईने विचारलं, “ऐकलंस?”

“ऐकलं. वय झालं की होतं गं असं.”

“हं,” ताई म्हणाली. तिने त्याला भात वाढला. “बरं झालं, तू सांगितलंस. दुसऱ्या कुणाचं मी मानलं नसतं.”

सकाळी तो बूट घालत होता. आतून चमच्याचा टण्ण आवाज आला. ताई पेला हातात घेऊन दारात आली.

“ही कोणती रे? मला चार वाटतेय, पण आता माझा काही भरवसा नाही.”

“चारच आहे,” तो नाडी बांधत खाली मान घालून म्हणाला.

“असेल बाबा. तू म्हणतोस तर असेल.” तिने पेला मोरीत रिकामा केला.

पट्टीमास्तर कामावर गेला. त्या दिवशी त्याने साठ गाणी उरकली, सगळी शेवटून.